मळा, फोंतेन्हास, पोर्तैस: पणजीच्या जुन्या वाड्यांबद्दल सांगा

मळेकार:
नमस्कार मंडळी. इथे दर महिन्याला कोणीतरी 'गोव्याला चाललोय, फोंतेन्हासमध्ये फोटो कुठे चांगले येतात' असा धागा काढतं आणि खाली निळी भिंत, पिवळी भिंत, कोंबडेवाली विहीर असं सुरू होतं. मी तिथलाच, म्हणजे मळ्यातला. आता पर्वरीला राहतो पण आई अजून जुन्या घरातच आहे, हलायला तयार नाही. माझं म्हणणं एवढंच की अल्तिनो डोंगराच्या पायथ्याशी जी वस्ती आहे ती एकच वस्ती आहे. तिच्या अर्ध्या भागाला पर्यटक फोंतेन्हास म्हणतात, आणि उरलेल्या अर्ध्याचं नाव पेपरात येतं ते फक्त पाणी भरलं की.

थोडक्यात इतिहास देतो, बाकी जाणकारांनी भर घालावी. अठराव्या शतकाच्या शेवटाला आंतोनियो जुआंव द सिकेरा नावाचा एक गोंयकार मोझांबिकमध्ये गडगंज पैसा कमावून परत आला, लोक त्याला 'मोसमीकार' म्हणायचे, आणि वस्तीची सुरुवात त्याच्यापासून झाली असं मानतात. तेव्हा पणजी म्हणजे आदिलशहाचा राजवाडा, चर्च, थोडी घरं, आणि बाकी माड नाहीतर दलदल. जुनं गोवें रोगराईनं ओस पडत चाललं होतं. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आला, त्याच्या मागोमाग सरकारी माणसं आली आणि १८४३ मध्ये 'नोव्हा गोवा' नावानं पणजी अधिकृत राजधानी झाली. आता एवढे कारकून, वकील, मास्तर राहणार कुठे, तर ते ह्या डोंगराच्या कुशीत शिरले, कारण डोंगरातनं बारमाही पाणी यायचं. फोंत फेनिक्सचा झरा आमच्या मळ्यातच आहे, फोंतेन्हास हे नावही झऱ्यांवरनंच पडलं. तेच पाणी आता जुलैमध्ये हॉलमध्ये येतं, त्यावर नंतर सविस्तर बोलू.

पोर्तैसवाली:
वा, शेवटी कोणीतरी काढला धागा! मळ्याचं नाव निघालं आणि मारुतीच्या जत्रेबद्दल एक ओळ नाही, हे कसं काय मळेकारबाब? फेब्रुवारीच्या सुमारास जत्रा लागली की मारुतीगडाच्या पायऱ्यांपासून खालच्या रस्त्यापर्यंत दुकानं. खाजें विकणाऱ्या बायका वर्षानुवर्षं आपापल्याच जागी बसतात, म्हणजे नवीन कोणी येऊन तिथे बसून दाखवावं! खाजें घेताना आधी एक तुकडा दाताखाली मोडून बघायचा, आलं आणि गूळ नीट बसलेला असेल तर कुडकुड आवाज येतो, चिवट लागलं तर पुढच्या दुकानात. आई पहिल्या दुकानावर कधीच घ्यायची नाही, सगळी दुकानं फिरून शेवटी परत पहिल्याकडेच. गडावरचं देऊळ रात्री दिव्यांनी उजळलं की पाटो पुलावरनंही दिसतं, आम्ही लहानपणी फोंड्याहून परत येताना बसमधनं आधी ते शोधायचो.

आणि नाटकं. जत्रेला नाटक नाही तर ती जत्रा कसली? सगळे मळ्यातलेच नट, राजाचा मुकुट घातलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात बांगडे निवडताना दिसायचा, आणि आम्ही पोरं त्याला 'महाराज' म्हणून हाका मारून पळायचो.

भायलो_पुणेकर:
छान धागा. मी तीनचार वेळा येऊन गेलोय, दर वेळी फोंतेन्हासमध्येच राहिलो. दोन शंका. एक म्हणजे हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे ना? आमच्या गाइडने तरी असंच सांगितलं. दुसरं, तो ३१ जानेवारी रस्ता. गाइड म्हणाला की पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झाला त्याची तारीख आहे. पण स्पेनचा आणि पणजीच्या गल्लीचा संबंध काय ते काही कळलं नाही.

जुनी_टपाल:
पुणेकर, गाइडने तुम्हाला दोन्ही गोष्टी चुकीच्या सांगितल्या आणि त्यात त्याचा तरी काय दोष, अर्ध्या वेबसाइटांवर हेच छापलेलं आहे.

युनेस्कोच्या यादीत आहेत ती जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ, १९८६ पासून. फोंतेन्हास त्यात नाही. हा भाग पणजीच्या नगर नियोजनात संवर्धन क्षेत्र म्हणून धरला जातो, ते वेगळं प्रकरण आहे आणि त्याचे नियमही वेगळे.

रस्त्याचं म्हणाल तर स्पेनपासून सुटका झाली ती १ डिसेंबर १६४० ला. ३१ जानेवारी ही पोर्तुगालात प्रसिद्ध तारीख आहे ती १८९१ ची. त्या दिवशी पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध पहिलं प्रजासत्ताकवादी बंड झालं, ते काही तासांत मोडून काढलं गेलं. पण १९१० मध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि मग फसलेल्या बंडाची तारीख रस्त्यांना द्यायची लाट आली. खुद्द पोर्तोमध्येही ह्याच नावाचा रस्ता आहे.

आणि संबंध विचारलात म्हणून सांगतो, १९१० चा आपल्याशी संबंध फार जवळचा आहे. प्रजासत्ताक आल्यावर इथल्या हिंदूंना कायद्यापुढे समान मानलं गेलं, सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली. त्याच्या थोडं आधी, १९०८ मध्ये, पणजीत मुष्टिफंड संस्था सुरू झाली होती, घरटी मूठमूठ तांदूळ गोळा करून मराठी शाळा चालवायची ही कल्पना. घरात मराठी, सरकारदरबारी पोर्तुगीज, बाजारात कोंकणी, अशी माणसं मळ्यात आणि भाटल्यात घरोघर होती. माझे आजोबा अर्ज पोर्तुगीजमध्ये लिहायचे आणि घरचा हिशेब मोडीत. तेव्हा त्या पाटीकडे बघून मला तरी स्पेन आठवत नाही.

खाजेंवालो:
टपालकाका जिंदाबाद. मी त्याच रस्त्यावरनं रोज जातो, पाटीकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं, बघणार तरी कसं, समोर एक नवरी स्कूटरला टेकून उभी असते आणि तिचा फोटोग्राफर रस्त्याच्या मधोमध आडवा झोपलेला असतो.

कौलारू:
घरांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, जुन्या घरांची दुरुस्तीच जास्त करतो.

फोंतेन्हासचं घर रस्त्याला अगदी चिकटून असतं, पुढे अंगण नाही, गावच्या मोठ्या घरांसारखा ऐसपैस बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी, नाही. दाराला लागून दोन दगडी पायऱ्या आणि वर लोखंडी कठड्याची सज्जावजा गॅलरी, तिथे उभं राहून समोरच्या घरातल्याशी हळू आवाजात बोलता येईल एवढीच मधली गल्ली. सगळी मोकळी जागा मागे, विहीर, एखादा फणस, कपडे वाळत घालायची दोरी. पुढून राजेशाही आणि मागून गोठा म्हणायचे आमचे सर. भिंती जांभ्या दगडाच्या, चुन्याचा गिलावा, वर मंगळुरी कौलं. फार जुन्या घरांत काचेच्या जागी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या खिडक्या अजून मिळतात, दुपारच्या उन्हात त्यांतनं जो दुधाळ उजेड आत पडतो त्याला तोड नाही. एक चकती फुटली की आता बदली मिळवणं मुश्कील, लोक प्लास्टिकचा तुकडा कापून बसवतात.

रंगाचं असं, की पांढरा रंग चर्चसाठी राखीव आणि बाकी घरांनी पावसाळा संपला की रंग काढायचा अशी पोर्तुगीज काळातली पद्धत सांगतात. तो रंग म्हणजे चुन्यात कालवलेला निळा, पिवळा, काव. दर वर्षी काढावा लागायचा कारण आमच्या पावसात तो टिकतच नाही. पण त्या चुन्यातनं भिंत श्वास घ्यायची. आता काय करतात, जांभ्यावर सिमेंट ठोकतात, वर कंपनीचा चकचकीत ॲक्रिलिक रंग मारतात. ओल आत अडकते आणि दोन पावसांत भिंतीला पोपडे येतात. परवा एका घरात हाताने गिलावा दाबला तर परातभर सिमेंट खाली आलं आणि मागचा दगड चिखलासारखा ओला, नखाने खरवडला जात होता. मालक म्हणाले फोटोत तर मस्त दिसतंय की हो. दिसणारच.

फोंड्याची_सून:
कौलारूदादा, मग इतकी घरं बंद का आहेत ते पण सांगा ना. रुआ द नाताल परिसरात मी बघते, खालची खिडकी फळ्या मारून बंद, वर कौलं खचलेली, पिंपळ उगवलाय. मालकांना पैसे नकोयत का? कोट्यवधींची जागा आहे.

नोटरीकडची_खुर्ची:
सूनबाई, ह्याचं उत्तर आमच्या धंद्यात आहे. वकील आहे, आयुष्य ह्या घरांच्या कागदांत गेलं.

गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा पुढे चालू राहिला. नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे अर्धी-अर्धी, आणि आईबापांना आपल्या वाट्यातला निम्माच हवा त्याला देता येतो, उरलेला निम्मा मुलांचा, मुलगा-मुलगी भेद नाही. तत्त्व एकदम चांगलं, बाकी देशात समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की आमचं उदाहरण देतात. पण घर एक आणि वारस डझनभर झाले की काय होतं ते भाषणात कोणी सांगत नाही. आजोबा गेले, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घ्यायची कायदेशीर प्रक्रिया, केली नाही. मग काका गेले, आत्या गेली, तरी नाही केली. आता एक वारस लिस्बनला, दोघे कॅनडात, एकीचा पत्ता नाही, आणि विकायचं तर सगळ्यांच्या सह्या, वर त्यांच्या नवऱ्या-बायकांच्या पण. एकजण जरी म्हणाला 'आजीचं घर आहे, मी नाही विकणार' की संपलं, आणि असं म्हणणारा नेमका तोच असतो जो तिथे पाऊल टाकत नाही. २०१२ चा नवा वारसा कायदा २०१६ पासून लागू झालाय, पण इन्व्हेंटरीची कटकट काही त्याने संपलेली नाही.

दुसरी बाजू भाडेकरूंची. १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडं तेव्हाचं, त्यात आजकाल मालकाला एक वेळचं मासळीचं ताट येणार नाही. मालक म्हणतो मी कौलं का बदलू, भाडेकरू म्हणतो घर माझं नाही तर मी का बदलू. कोर्टाच्या तारखा पडत राहतात आणि दरम्यान पावसाळे काय थांबत नाहीत.

तिसरं म्हणजे पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालला जन्म नोंदवून तिथलं नागरिकत्व घेता येतं. तरुण पोरं त्या वाटेने इंग्लंडला गेली, तिथल्या स्विंडन शहरात तर गोव्याचे साष्टी आणि बार्देस तालुके निम्मे भेटतील. गेली त्यांना मी नावं ठेवत नाही, इथे काय नोकऱ्या ठेवल्यात. पण घरात उरते एक म्हातारी आणि तिची मदतनीस, ती गेली की दाराला कुलूप.

तेव्हा फोंतेन्हास टिकलं ते संवर्धनामुळे असं जे बोललं जातं त्यावर माझा फारसा विश्वास नाही. निम्मी घरं टिकली कारण वारसांचं एकमत झालं नाही म्हणून बिल्डरला मिळाली नाहीत, आणि निम्मी पडतायत तीही त्याच कारणाने.

भायलो_पुणेकर:
हे वाचून डोकं गरगरलं. मग हॉटेलं-होमस्टे झाली ते बरंच नाही का? निदान कौलं तरी शाकारली जातात.

नोटरीकडची_खुर्ची:
शाकारली जातात, मान्य.

पोर्तैसवाली:
बरं पण आणि वाईट पण. माझ्या मावशीच्या शेजारी चार घरं होती ओळखीची, आता तीन होमस्टे. रात्री दोन वाजता बॅगांची चाकं दगडावरनं खडखडत जातात, सकाळी खिडकी उघडली की समोर कोणीतरी मोबाइल रोखून उभा. मावशी गॅलरीत कपडे वाळत घालत होती तर खालनं एक बाई म्हणते 'आंटी प्लीज जरा आत जा ना, फ्रेममध्ये येताय'. तिच्या स्वतःच्या घरात! तेव्हापासून लोकांनी दारावर फोटो काढू नका अशा पाट्या लावल्या, आता त्या पाटीचेच फोटो काढतात.

पण होमस्टेवाल्यांतला एकजण मात्र चांगला आहे, पावसात मावशीच्या घरात वीज गेली की आपल्या जनरेटरची वायर देतो. म्हणजे सगळ्यांना एका माळेत ओवता येत नाही.

आणि पोदेर, म्हणजे पाववाला! पहाटे भोंपू वाजवत सायकलवर यायचा तो आता त्या गल्लीत येत नाही, गिऱ्हाइकंच उरली नाहीत. होमस्टेत ब्रेड टोस्ट देतात. गोव्यात येऊन उंडो आणि पोय सोडून टोस्ट खातात लोक, काय बोलणार.

मळेकार:
पाण्याचं राहिलं होतं. मळा हा मुळात खोलगट भाग. एका बाजूला अल्तिनोचा डोंगर, दुसऱ्या बाजूला रुआ द ओरेंची खाडी, जी मांडवीला मिळते, म्हणजे तिच्यात भरती-ओहोटी आहे. पाऊस जोरात लागला की डोंगराचं सगळं पाणी खाली येतं, आणि त्याच वेळी भरती असली तर खाडी ते घेत नाही, उलट आपलंच पाणी गटारातनं वर ढकलते. खाडीपलीकडची पाटोची जमीन पूर्वी दलदल आणि खारफुटी होती, पाणी पसरायला जागा होती, तिथे आता ऑफिसं, बँका आणि बसस्टँड. कोणी कितीही पंप लावा, पाण्याने जायचं कुठे हा प्रश्न आहेच.

आमच्याकडे आई पावसाळ्यात पेपर उघडला की आधी भरतीची वेळ बघते, मग मरणाच्या बातम्या. दुपारी भरती आणि आकाश काळं असेल तर तांदळाचा डबा, फ्रीजखाली विटा, कपाटातला खालचा कप्पा रिकामा, हे सगळं तिचं ठरलेलं. पाणी येतं ते दारातनं नाही येत, मोरीच्या जाळीतनं येतं, आधी एक बुडबुडा, मग काळी रेघ, मग दहा मिनिटांत घोट्यापर्यंत. मागची काही वर्षं रस्ते पण एवढे खोदले, कधी गटारासाठी कधी केबलसाठी, की काही ठिकाणी रस्ता घराच्या उंबऱ्यापेक्षा वर गेलाय. ज्याने कोणी हे लेव्हल काढलं त्याला एक रात्र आमच्या मोरीजवळ बसवायला पाहिजे.

कौलारू:
उंबऱ्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. जुनी घरं जोत्यावर बांधायचे ते उगाच नाही. डांबरावर डांबर चढवत गेले आणि जोतं रस्त्यात बुडालं. खरवडून मग नवीन थर द्यायचा असतो, पण खरवडायचे पैसे टेंडरमध्ये असतात, रस्त्यावर नसतात.

मांडवीकाठ:
मी फोंतेन्हासमधल्या सां सेबास्त्यांव कपेलाजवळची, कपेल म्हणजे छोटं चर्च. हिंदू मंडळींनी जत्रेचं लिहिलं म्हणून आमच्या कपेलाबद्दल थोडं. आताची इमारत १८८० च्या दशकातली. आतला मोठा क्रूस बघण्यासारखा आहे. साधारणपणे क्रूसावरच्या येशूचे डोळे मिटलेले आणि मान झुकलेली असते, ह्याचे डोळे सताड उघडे. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला हा क्रूस, आरोपींना त्याच्यासमोर उभं करायचे असं सांगतात. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला, आणि १९१८ मध्ये गव्हर्नरने मुक्काम काबो राजवाड्यात हलवला तेव्हा आमच्या कपेलात. माझी आजी सांगायची की खोटं बोलून प्रार्थनेला गेलं की तो आपल्याकडेच बघतो. मी शाळेत असताना खांबाआड बसायची.

फेस्ताला गल्लीत माळा लागतात आणि बाहेरगावी गेलेले त्या आठवड्यात दिसतात, नाहीतर एरवी मिस्साला आम्ही मोजकी डोकी. शेजाराचं म्हणाल तर चवथीला नेवऱ्या आमच्याकडे यायच्या आणि नाताळला दोदोल त्यांच्याकडे जायचा, सगळीकडे असतं तसंच. भांडणंही व्हायची हो, विहिरीच्या पाण्यावरनं आणि आंब्याच्या फांदीवरनं तर जोरदार. आमच्या पपांनी आणि शेजारच्या भटजींनी दोन वर्षं अबोला धरला होता फांदीसाठी, मधल्या काळात दोन्ही बायका मागच्या दाराने लोणच्याच्या बरण्या बदलत होत्या.

खाजेंवालो:
मांडवीकाठ बाय, ते भटजी आमचेच आजोबा नसावेत म्हणजे मिळवली.

जुनी_टपाल:
पुणेकर, पुढच्या खेपेला आलात तर एक करा. सां तोमेच्या चौकातनं सुरुवात करा, जुनी टांकसाळ आणि पोस्ट तिथे जवळजवळ. पोस्टाची इमारत पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची होती. तिथनं ३१ जानेवारी रस्त्याने दक्षिणेकडे कपेलापर्यंत या, आणि बाकीचे लोक जिथे फोटो काढून मागे फिरतात तिथनं तुम्ही पुढे जा. मळ्यात शिरा, फोंत फेनिक्स बघा, मारुतीगडाच्या पायऱ्या चढा, वरनं खाडी, पाटो आणि लांबवर रायबंदरकडे जाणारा बांध दिसेल. तो बांध व्हाइसरॉय लिन्यारिसच्या काळचा आहे, १६३३-३४ चा, अजून त्याच्यावरनं गाड्या जातात. मग अल्तिनोवर लिसेवची, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या सरकारी हायस्कूलची, इमारत बघा, लिसेव सुरू झालं १८५४ मध्ये, नंतर त्याच आवारात हायकोर्टाचं खंडपीठ होतं, २०२१ मध्ये ते पर्वरीला गेलं. सकाळी सातच्या आत निघा. आणि खिडक्यांतनं आत डोकावू नका.

फोंड्याची_सून:
आम्ही ह्या जत्रेला नक्की येणार. मळेकार, गाडी कुठे लावायची ते सांगा फक्त, गेल्या वेळी नवऱ्याने तासभर फिरून शेवटी गाडी परत फोंड्यालाच नेली.

मळेकार:
पाटोला लावा आणि पूल चालत ओलांडा. मळ्यात गाडी आणलीत तर माझ्या आईच्या दारासमोर लावाल, आणि मग ती बाहेर येईल.